शनिवारची वाफ

"हो बाबा, आत्ताच बाहेर आलो. केस अजून ओलेच आहेत," आनेली फोनवर म्हणाली आणि आपल्या ठणठणीत कोरड्या केसांवरून तिनं उगाचच हात फिरवला. जणू कुओपिओ शहराच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या म्हाताऱ्याला ते दिसणारच होतं.

टेबलाशी बसलेल्या साइमीनं, तिच्या पंधरा वर्षांच्या लेकीनं, धाकट्या भावाला, ओइवाला, कोपरानं ढोसलं. दोघं खुसुखुसु हसायला लागली. आनेलीनं डोळे वटारले.

"वाफ कशी होती?" बाबांनी विचारलं.

"मऊ होती. छान. इल्पोनं नेहमीसारखं पाणी जास्त ओतलं, मग हेल्का किंचाळत बाहेर पळाली."

"मी कुठं पळाले?" टेबलाखालून आवाज आला. शेंडेफळ हेल्का सहा वर्षांची होती आणि आपल्यावर कोणी खोटा आळ घेतलेला तिला खपत नसे. साइमीनं वाकून तिचं तोंड दाबलं.

हे असं दर शनिवारी संध्याकाळी सात वाजता चालायचं. पूर्वी आई फोन करायची. पहिला प्रश्न एकच, शनिवारच्या वाफेच्या अंघोळीचा, "झाला का सौना?" जेवलात का, बरे आहात का, पोरांची शाळा काय म्हणते, हे सगळं त्यानंतर. तीन वर्षांपूर्वी आई गेली आणि त्या पुढच्याच शनिवारी बरोबर सात वाजता बाबांचा फोन आला. जन्मात कधी स्वतःहून फोन न करणारा माणूस घसा खाकरत म्हणाला, "झाला का सौना?" आनेलीनं तेव्हाही हो म्हटलं होतं.

"बरं, ऐक," आज बाबा म्हणाले. "आमच्या इमारतीत पाण्याच्या पाइपांचं काम काढलंय. सगळ्या भिंती फोडून ठेवल्यात. तळघरातला सौना वसंतापर्यंत बंद. तीन शनिवार झाले, नुसती कावळ्याची अंघोळ चाललीय माझी."

"अरे देवा. मग?"

"मग काय, येत्या शनिवारी तुमच्याकडं येतो. तुम्ही तापवताच की. माझ्यासाठी वेगळं काही करायला नको."

आनेलीनं "या ना, या की" म्हटलं, फोन ठेवला आणि ती मटकन खुर्चीत बसली. खुर्चीवर इस्त्रीच्या कपड्यांचा ढीग होता, तोही तिला जाणवला नाही.

"आता?" साइमी म्हणाली. "आता काय करशील?"

*

आता त्या घरात सौना नव्हता असं नाही. न्हाणीघराच्या आत लाकडी दार होतं, दाराआड दोन बाकडी होती, एक खालचं, एक वरचं, आणि कोपऱ्यात दगडांनी भरलेली विजेची भट्टीही होती. त्या तापल्या दगडांवर पळीनं पाणी ओतलं की वाफ उठते. पण हेल्का जन्मली त्या वर्षी पाळणा कुठं ठेवायचा हा प्रश्न पडला, आणि तिचा नवरा इल्पो म्हणाला, "सौनात ठेवू तात्पुरता." तो पाळणा अजून तिथंच होता. त्याच्या मागोमाग मग सगळं घरच तिथं तात्पुरतं राहायला गेलं. बर्फावरचे बूट गेले, नाताळची खोकी गेली, मुरंब्याच्या रिकाम्या बरण्या गेल्या. इल्पो शहरातली बस चालवायचा, आणि बसमध्ये कोणी टाकून दिलेली छत्री दिसली तरी ती "कधीतरी लागेल" म्हणून घरी आणायचा. चार वर्षांपूर्वी हेल्कानं खेळता खेळता भट्टीचं बटण फिरवलं, तेव्हा दगडांवर पडलेल्या लोकरी मोज्यांची पिशवी धुमसायला लागली होती. नशीब, इल्पो घरात होता. त्यानं तेव्हाच फ्यूजचा खटका खाली पाडला आणि त्यावर चिकटपट्टी मारली. ती पट्टीही तशीच होती.

बाबा यायचे ते रविवारी, कॉफीला. न्हाणीघरातल्या त्या दारावर आनेली मोठा पंचा टांगून ठेवायची. कुणाच्या घरच्या सौनाचं दार कोण कशाला उघडून बघतो?

"सरळ खरं सांगून टाक ना," रविवारी सकाळी साइमी म्हणाली. सगळे त्या उघड्या दारासमोर उभे होते. आत पाय ठेवायलाही जागा नव्हती. "आजोबा काय तुला खाणार आहेत?"

"तुला नाही कळायचं ते."

"का नाही कळायचं? आमच्याकडं अडगळ आहे, म्हणून सौना नाही. संपलं."

"सांगता येत नाही म्हटलं ना!" आनेलीचा आवाज चढला, आणि तिचा तिलाच तो चमत्कारिक वाटला. मग ती खाली बघत म्हणाली, "आजीचा शेवटचा फोन शनिवारी आला होता. दवाखान्यातून. आवाज हा एवढासा. तेव्हाही तिनं हेच विचारलं. आणि मी तिला सगळं रंगवून सांगितलं. वाफ कशी, पाणी किती, कोण आधी पळालं. सोमवारी ती गेली. मी माझ्या आईशी शेवटचं जे बोलले ते खोटं बोलले, साइमी. आता ते बाबांना कुठल्या तोंडानं सांगू?"

इल्पोनं डोकं खाजवलं.

"सहा दिवस आहेत," तो म्हणाला. "रिकामा करू."

"कुठं ठेवणार सगळं?"

"तात्पुरतं बाल्कनीत..."

"इल्पो," आनेली म्हणाली, "पुन्हा तो शब्द तोंडातून काढलास तर तुलाच बाल्कनीत ठेवीन."

*

गंमत अशी की आनेलीची नोकरीच मुळी वस्तू जागच्या जागी ठेवण्याची होती. मोठ्या इस्पितळाच्या तळमजल्यावर शस्त्रक्रियेची अवजारं धुऊन, उकळून, मोजून ट्रेमध्ये भरायची. चोवीस वर्षं. पित्ताशयाच्या ट्रेमध्ये त्रेचाळीस अवजारं, आणि डोळे झाकून हात घातला तरी बारीक चिमटा तिसऱ्या खाचेत सापडणार. आणि घरी? घरी साधी कात्री सापडायची नाही. चार होत्या आणि एकही नव्हती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

सोमवारी दुपारी तिनं शेजारच्या टेबलावरच्या राइलीला सगळं सांगितलं. राइली निवृत्तीला आली होती, तिखट जिभेची होती आणि ट्रे भरण्यात तिचा हात कोणी धरू शकत नव्हतं.

"तू ट्रे कसा भरतेस?" राइलीनं विचारलं.

"कसा म्हणजे? यादी बघून."

"यादीत नाही ते?"

"ते जात नाही ट्रेमध्ये."

"ते चांगलं असलं तरी? महाग असलं तरी? कधीतरी लागेल असं असलं तरी?"

आनेली हसली.

"मग घरी का गं अक्कल गहाण ठेवतेस?" राइली म्हणाली. "आणि आणखी एक. अवजार एकदा हातात घेतलं की त्याचं काय करायचं ते ठरवूनच खाली ठेवायचं. इकडून उचललं, तिकडं ठेवलं, याला आवरणं म्हणत नाहीत. त्याला फिरायला नेणं म्हणतात."

संध्याकाळी आनेलीनं जुन्या तीन चादरी बैठकीच्या खोलीत अंथरल्या. एक ठेवायचं त्याची, एक द्यायचं त्याची, एक टाकायचं त्याची. भिंतीवर कागद चिकटवला आणि त्यावर लिहिलं, "सौनात काय असतं: बादली. पळी. माणसं." बस्स. यादी संपली.

"चौथी चादर नाही?" इल्पोनं विचारलं. "बघू नंतर, याची?"

"नाही."

"छोटा रुमाल तरी?"

"इल्पो!"

पहिल्या दिवशी फक्त दाराजवळचं, दुसऱ्या दिवशी खालचं बाकडं, तिसऱ्या दिवशी भट्टीभोवतालचं, असा रोज दीड तास तिनं ठरवून दिला. त्याहून एक मिनिट जास्त नाही, नाहीतर पोरं बंड करतील हे ती जाणून होती. प्रत्येकाला झाकणाचं एक एक खोकं मिळालं. आठवणीचं काय हवं ते त्यात ठेवा, पण झाकण लागलं पाहिजे.

झाकण लावण्यावरून महाभारत झालं. ओइवाला त्याचे लहानपणीचे हॉकीचे हातमोजे हवे होते, ज्यांचा वास आला की डोळ्यांतून पाणी यायचं. हेल्काच्या खोक्यात नुसते तळ्याकाठचे दगड होते आणि ते सगळे वेगवेगळे आहेत, हे ती एकेक दगड दाखवून पटवून देत होती. शेवटी तिनं स्वतःच अर्धे वेगळे काढले.

"हे भट्टीला देते," ती म्हणाली. "तिच्याकडं पण दगडच आहेत ना."

"तळ्यातले दगड तापले की फुटतात, बाळा," आनेली म्हणाली. "ते तळ्यालाच परत देऊ."

सगळ्यात वाईट अवस्था इल्पोची. तीन बिघडलेली कॉफीची यंत्रं त्यानं ओळीनं मांडली होती. त्यांच्याकडं बघताना त्याचा चेहरा बघवत नव्हता.

"या तिघांतून एक चांगलं होईल."

"कधी?"

"कधीतरी."

"एकदा हातात घेतलंस ना? मग ठरव."

त्यानं एकेक यंत्र उचललं, तिसऱ्या चादरीवर ठेवलं आणि बायकोकडं पाठ करून उभा राहिला. थोड्या वेळानं तो म्हणाला, "च्यायला. हलकं वाटतंय." आणि मग त्याला ऊतच आला. सतरा छत्र्या गेल्या. पाळणा तिसऱ्या मजल्यावरच्या, दिवस भरत आलेल्या शेजारणीकडं गेला. ती बाई रडायलाच लागली. इल्पो खाली आला तेव्हा त्याचेही डोळे लाल होते, पण तो म्हणाला, जिन्यात धूळ फार आहे.

गुरुवारी वाटाण्याचं सूप सगळ्यांनी उभ्यानंच प्यायलं, कारण टेबलावर बरण्या होत्या. पण चारही कात्र्या सापडल्या होत्या, आणि न्हाणीघरातून खालचं बाकडं अगदी स्वच्छ दिसत होतं. आनेली दोनदा मुद्दाम जाऊन त्यावर बसून आली.

राहिलं वरचं बाकडं.

वरच्या बाकड्यावर केळी येतात तसली पुठ्ठ्याची पाच खोकी होती, आईच्या सामानाची. बाबांनी गावचं तळ्याकाठचं घर विकलं तेव्हा त्यांनी स्वतः ती भरली होती आणि जाड शाईनं वर आईचं नाव घालून लिहिलं होतं, "लेम्पी, स्वयंपाकघर. लेम्पी, लोकर. लेम्पी, इतर." दोन वर्षं झाली. आनेलीनं एकाचीही दोरी सोडली नव्हती.

शुक्रवारी ती त्या खोक्यांपुढं पाऊण तास उभी राहिली. एकदा हात लावला की ठरवावं लागणार होतं. तिनं हात लावलाच नाही.

"नको ना," ती इल्पोला म्हणाली. "मी आख्ख्या घराला नियम शिकवले आणि माझ्याच हातून होत नाही. माझ्यानं नाही होत रे."

"मग आत्ता नको करू," इल्पो म्हणाला. "उद्या बाबा यायच्या आत मी गाडीत नेऊन ठेवतो. चार वाजता येणार ना ते?"

"चार."

"तीनला नेतो."

*

म्हातारी माणसं चारला येतो म्हणतात म्हणजे चारला येत नाहीत, हे इतकी वर्षं बस चालवणाऱ्या माणसाला तरी कळायला हवं होतं. चारला पोचणारी बस चुकली तर, म्हणून बाबा, म्हणजे ताउनो, तिच्या आधीच्या बसनं निघाले. तीही चुकली तर, म्हणून तिच्याही आधीच्या. पावणेतीनला इल्पोनं पहिलं खोकं उचलून बाहेरचं दार उघडलं, तर समोर सासरा उभा. एक्याऐंशी वर्षांचे, ताठ, एका हातात काठी, दुसऱ्या हातात सॉसेजची पिशवी, काखेत गुंडाळलेला पंचा.

ताउनोंनी खोक्याकडं बघितलं. "लेम्पी, इतर." अक्षर त्यांचंच होतं.

"हे कुठं चाललंय?"

"हे... गाडीत," इल्पो म्हणाला. खोटं बोलायला त्याला कधी जमलंच नव्हतं.

"आणि कुठून आलंय?"

इल्पोनं असहायपणे मागं बघितलं. आनेली हातात फडकं घेऊन मधल्या बोळात उभी होती. बाबांनी बूट काढले, काठी कोपऱ्यात टेकवली आणि ते थेट न्हाणीघरात गेले. लाकडी दार सताड उघडं होतं. वरच्या बाकड्यावर चार खोकी आणि पाचव्या खोक्याचा धुळीत उमटलेला चौकोन. बाबांनी भट्टीतल्या दगडांवरून बोट फिरवलं. बोट करडं झालं. मग त्यांनी भिंतीवरचा कागद वाचला, "बादली. पळी. माणसं."

"किती वर्षं?" त्यांनी विचारलं.

आनेलीला वाटलं होतं, प्रसंग आलाच तर काहीतरी सुचेल. खोट्याच्या कपाळी गोटा, आई म्हणायची तेच खरं.

"सहा," ती म्हणाली. "हेल्का झाली तेव्हापासून. एकदाही नाही, बाबा. दर शनिवारी मी खोटं बोलले. आईशीपण. शेवटच्या शनिवारीपण." आणि तिला रडू फुटलं. चेहरा फडक्यात घालून ती लहान पोरीसारखी रडायला लागली.

ताउनो खालच्या बाकड्यावर बसले. मग त्यांनी घसा खाकरला.

"बस इथं," ते म्हणाले.

ती बसली.

"आपला गावचा सौना. तळ्याकाठी. घरापासून पायऱ्या किती होत्या?"

"बावन्न."

"हं. तुझ्या आईचे गुडघे गेले तेव्हापासून हिवाळ्यात त्या बर्फाळ पायऱ्या तिला जमेनात. मी म्हटलं, मी धरून नेतो. ती म्हणाली, दोघंही पडलो तर उचलायला कोण येणार? एकट्यानं जायचं माझ्या जिवावर यायचं. शेवटची चार वर्षं आम्ही तो तापवलाच नाही. तुम्ही सुट्टीला यायचात तेवढाच. एरवी त्यात बटाट्याची पोती होती."

आनेलीनं फडक्यातून तोंड वर काढलं. "काय सांगताय? आई तर म्हणायची, आमचाही झाला म्हणून!"

"म्हणायची."

"वाफ इतकी छान होती म्हणायची!"

"फोन ठेवला की मला म्हणायची, ताउनो, मी लेकीशी खोटं बोलले, पाप लागेल मला," बाबा म्हणाले. त्यांच्या ओठाचा कोपरा जरासा हलला. "मी म्हणायचो, लागू दे. पुढच्या शनिवारी पुन्हा बोलायचीच."

आनेलीला हसू आलं, आणि रडू थांबलेलं नसल्यामुळं ते दोन्ही एकदमच आलं. दाराबाहेर चोरून ऐकत उभी असलेली साइमी घाबरून आत डोकावली.

"आम्ही दोघं स्वयंपाकघरात बसायचो," बाबा पुढं म्हणाले. "फोन मधे ठेवायचो, आवाज मोठा करून. तू सांगायचीस, कोण कुठं बसलं, कुणी पाणी ओतलं, कोण पळालं. तुझी आई डोळे मिटून ऐकायची. तोच आमचा सौना. त्या शेवटच्या शनिवारीही मी तिथं खाटेजवळच होतो. तू सांगितलंस, ती हसली. नर्सला म्हणाली, माझी लेक आत्ताच सौनातून आलीय. तेव्हा त्या शनिवारचं मनातून काढून टाक. इतकं वर्षानुवर्षं कशाला ठेवतेस ते? त्यापेक्षा ही खोकी ठेवलेली परवडली."

आनेलीनं त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं. असं तिनं शाळेत असल्यापासून केलं नव्हतं, आणि बाबांनाही त्याचं काय करावं ते कळेना. त्यांनी तिच्या केसांवर दोनदा थोपटलं, घोड्याला थोपटावं तसं. छातीवरची शिळा उतरली की माणसाला आधी भूक लागते की झोप येते, कोण जाणे. आनेलीला तिथंच आडवं व्हावंसं वाटलं.

"एक विचारू?" बाबा म्हणाले. "सहा वर्षं इल्पो दर शनिवारी पाणी जास्तच ओततो? माणूस एवढा बावळट असतो का?"

"मी ऐकतोय हं!" बाहेरून इल्पो ओरडला.

*

खोक्यांची दोरी बाबांनीच सोडली. आनेलीला वाटलं होतं, आता तासन् तास लागतील. अर्ध्या तासात पाचही खोकी रिकामी झाली. म्हातारा एकेक वस्तू हातात घ्यायचा, क्षणभर बघायचा आणि ठरवूनच खाली ठेवायचा. राइलीनं बघितलं असतं तर त्याला नोकरीच दिली असती.

"अंडी फेटायचं. तुझ्याकडं आहे?"

"तीन आहेत."

"मग द्यायच्या चादरीवर. ही लोकर, साइमी विणते का?"

"नाही, आजोबा."

"खरं बोललीस. द्या कुणाला तरी. हे गजराचं घड्याळ बंद पडलंय. हे मी का भरलं होतं?"

"तुम्हाला नाही का वाईट वाटत, बाबा?" आनेलीनं न राहवून विचारलं.

"वाटतं की. पण लेम्पी काही या अंडी फेटायच्यात नाही. असती तर मी तुझ्याकडं दिलं असतं का?"

त्यानंतर आनेलीचा हातही चालायला लागला. तिनं आईचा एक निळा झगा ठेवला, आणि सहा तागाची आसनं, बाकड्यावर अंथरायची, कडेला आईनंच टाके घातलेली. बाकी सगळं गेलं. झाकण लागलं.

मग लक्षात आलं की यादीतल्या तीन गोष्टींपैकी माणसं होती, बादली होती, ओइवानं तीतले खेळण्यातले ठोकळे ओतून दिले होते, पण पळीचा पत्ता नव्हता. ती कधीच कशाखाली तरी मोडून गेली होती. ताउनोंनी द्यायच्या चादरीवर हात घातला आणि लेम्पीची सुपाची पळी काढली. लांब दांड्याची, पत्र्याची. चाळीस वर्षं दर गुरुवारी वाटाण्याचं सूप वाढून तिचं एक टोक झिजलं होतं.

"दांड्याला फडकं गुंडाळा, नाहीतर हात भाजेल," ते म्हणाले. "चालेल."

बाकडी घासली, दगड काढून धुऊन पुन्हा रचले, भट्टीमागं सापडलेला सहा वर्षांपूर्वीचा एक चिमुकला मोजा काढला. इल्पोनं फ्यूजवरची चिकटपट्टी सोलली आणि खटका वर केला. आधी जळक्या धुळीचा वास आला, म्हणून सगळी दारंखिडक्या उघडली. मग हळूहळू ओल्या लाकडाचा वास यायला लागला. तो आल्यावर ताउनो शर्टाची बटणं काढायला लागले.

सहाजणांना ती जागा अपुरीच होती. वरच्या बाकड्यावर कडेला आजोबा, त्यांच्याशेजारी आनेली, तिच्या पलीकडं साइमी, खाली ओइवा आणि हेल्का. भट्टीजवळ इल्पो, कारण पाणी ओतायचा मान घरधन्याचा. दगड कडकड वाजत होते.

"ओत," ताउनो म्हणाले.

इल्पोला बिचाऱ्याला लाकडी पळीचा अंदाज होता. सुपाच्या पळीत तिच्या दुप्पट पाणी मावतं, हे त्याच्या ध्यानातच आलं नाही. त्यानं दोन पळ्या काठोकाठ भरून ओतल्या. दगड फुत्कारले, वाफ छताला लागून एकदम सगळ्यांच्या अंगावर उतरली, ओइवा "बाबा!" म्हणून ओरडला आणि हेल्का किंचाळत दार ढकलून बाहेर पळाली.

आधी साइमी हसायला लागली. मग आनेली. ताउनो डोकं खाली घालून बसले होते, खांदे गदगदत होते. ते हसत होते की काय ते वाफेत नीट दिसत नव्हतं.

"बावळटच आहे," ते म्हणाले. "आणखी ओत."

*

सॉसेज भाजून झालं, मोहरी लावून खाऊन झालं. साडेसहाला इल्पो सासऱ्यांना गाडीनं घरी सोडून आला. निघताना बाबांनी पंचा बरोबर नेला नाही. "राहू दे इथंच," ते म्हणाले. "पुढच्या शनिवारी लागेल." आनेलीनं न्हाणीघरात त्यासाठी एक खुंटी ठरवून दिली.

बरोबर सात वाजता फोन वाजला. फोन शोधावा लागला नाही. टेबलावर दुसरं काहीच नव्हतं.

"झाला का सौना?" बाबांनी विचारलं.

आनेली हसली. "बाबा, अहो तुम्हीच होता की इथं!"

"मला ठाऊक आहे मी होतो." घसा खाकरल्याचा आवाज आला. "स्वयंपाकघरात बसलोय. आवाज मोठा केलाय. तू सांग."

आनेली फोन घेऊन न्हाणीघरात गेली, तिनं लाकडी दार उघडलं आणि ती वरच्या बाकड्यावर जाऊन बसली. लाकूड अजून कोमट होतं. बादलीत आईची पळी उभी होती.

"हो बाबा, आत्ताच झाला," ती म्हणाली. तिनं केसांवरून हात फिरवला. ते खरोखरच ओले होते. "वाफ फार छान होती. आज आपले बाबा आले होते, ते वर कडेला बसले. त्यांच्याशेजारी मी. इल्पोनं नेहमीसारखं पाणी जास्त ओतलं."

पलीकडं खुर्ची हळूच करकरली.

"बरं," बाबा म्हणाले. "मग?"